शिकागोच्या मेयरचे सतरा टक्के

"चौदा? एका खुर्चीला चौदा जण?"

बाबांनी फोनवर हे दोनदा विचारलं. बाबा नाशिकला, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर इलेक्शन ड्यूट्या केलेले, टेबलाएवढ्या मतपत्रिका घड्या घालून पेटीत पडताना पाहिलेले, त्यामुळे ढीगभर उमेदवार त्यांना नवीन नाहीत. पण अमेरिकेत म्हणजे दोन पक्ष आणि दोन उमेदवार हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. २०१८च्या उन्हाळ्यात मी सिटिझन झाले आणि मी मत दिलेली शिकागोच्या मेयरची पहिली निवडणूक म्हणजे २०१९ची. त्यानंतर आणखी एक होऊन गेली, तरी इथल्या राजकारणाचा विषय निघाला की मी फिरून फिरून तिथेच येते. आज एकदा सलग लिहूनच काढते.

आधी बाबांचा दुसरा प्रश्न घेते, कारण तो तुम्हालाही पडेल. "महापौर व्हायला एवढी झुंबड कशाला, त्याच्या हातात असतं काय?" आपल्याकडे महापौर म्हणजे अडीच वर्षं, आरक्षणाची सोडत, सभेचं अध्यक्षपद, आणि कारभार आयुक्तांच्या हातात. इथे मेयर थेट लोक निवडतात, चार वर्षांसाठी. पोलीसप्रमुख मेयर नेमणार, बजेट मेयर मांडणार, शाळांचं बोर्डसुद्धा तेव्हा मेयरच नेमायचा. पन्नास वॉर्डांचे पन्नास नगरसेवक, इथे त्यांना ऑल्डरमन म्हणतात, आणि कागदावर त्यांची कौन्सिल बरीच ताकदवान आहे, पण कित्येक दशकं कौन्सिलने मेयरकडून जे आलं त्याला मान डोलावली. त्यात किती वेळा उभं राहायचं यावर बंधनच नाही. मग खुर्ची रिकामी होणार कशी? रिचर्ड जे. डेली १९५५ ते १९७६, तेही खुर्चीत असतानाच गेले म्हणून, मग त्यांचा मुलगा रिचर्ड एम. डेली १९८९ ते २०११. बाप एकवीस वर्षं आणि मुलगा बावीस. १९४७ नंतर थेट २०११ मध्ये पहिल्यांदा अशी निवडणूक झाली की बसलेला मेयर मैदानातच नाही, आणि तेव्हा रॅम इमॅन्युएल पहिल्याच फेरीत ५५ टक्के घेऊन आले. २०१९ ही त्यानंतरची तशी दुसरी.

४ सप्टेंबर २०१८, लेबर डेच्या सुट्टीनंतरचा मंगळवार. इमॅन्युएल म्हणजे ओबामांचे आधीचे चीफ ऑफ स्टाफ, दोन टर्म झालेल्या, तिसऱ्या टर्मसाठी पैसा जमवणं चालू होतं, आणि त्यांनी सिटी हॉलमध्ये बायकोला शेजारी घेऊन सांगितलं की मी आता उभा राहत नाही. आमच्या ऑफिसात सगळे फोन काढून बसले. माझ्या शेजारच्या टेबलावर तेव्हा एक बाई बसायच्या, वयाने माझ्या आईएवढ्या, साउथ साइडच्या, कृष्णवर्णीय, तीस वर्षं त्याच ऑफिसात. मी त्यांना मावशी म्हणते, त्याचा अर्थ त्यांना सांगितला तेव्हापासून त्यांनाही ते आवडतं. त्यांनी बातमी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या काय आहे माहितीये ना तुला?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेसन व्हॅन डाइक या पोलिसाच्या खटल्यासाठी ज्युरी निवडायला सुरुवात होणार होती. २० ऑक्टोबर २०१४च्या रात्री त्याने लक्वान मॅकडोनाल्ड नावाच्या १७ वर्षांच्या पोराला १६ गोळ्या घातल्या होत्या. पोलीस म्हणाले पोरगा चाकू घेऊन अंगावर आला. पोलीस गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड झालं होतं आणि त्यात तो पोरगा पोलिसांपासून लांब चालत जाताना दिसतो. ते फुटेज लोकांसमोर यायला तेरा महिने लागले, तेही कोर्टाने आदेश दिला तेव्हा, २४ नोव्हेंबर २०१५ला. आणि मधल्या काळात काय झालं होतं, तर एप्रिल २०१५ मध्ये इमॅन्युएल रनऑफमध्ये, म्हणजे पहिल्या दोघांच्या दुसऱ्या फेरीत, परत निवडून आले होते आणि त्यानंतर आठच दिवसांनी कौन्सिलने त्या पोराच्या घरच्यांना ५० लाख डॉलर द्यायचं मंजूर केलं होतं. हा क्रम मावशींनी मला बोटांवर मोजून दाखवला. इमॅन्युएल यांनी न लढण्याचं कारण वेगळंच सांगितलं, घर, मुलं मोठी झाली वगैरे, आणि माणसाच्या मनातलं आपण कसं सांगणार, पण साउथ साइडला ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच. ५ ऑक्टोबरला व्हॅन डाइक दोषी ठरला, सेकंड डिग्री मर्डर, आणि प्रत्येक गोळीचा एक असे गंभीर मारहाणीचे सोळा गुन्हे वेगळे. त्या दुपारी मावशी लवकर घरी गेल्या.

तर खुर्ची अशी रिकामी झाली. आणि मग जी लाइन लागली! मेयरच्या बॅलटवर यायला १२,५०० मतदारांच्या सह्या लागतात, त्यामुळे त्या शरद ऋतूत मला वेस्टर्नच्या ब्राउन लाइन स्टेशनबाहेर रोज कुणी ना कुणी क्लिपबोर्ड घेऊन उभं दिसायचं. सह्या जमा झाल्या की खरा खेळ सुरू होतो, एकमेकांच्या सह्यांवर हरकती, ही सही खोटी, हा मतदार या पत्त्यावर राहतच नाही, पानापानाची छाननी. शिकागोत ही हरकतीची वकिली म्हणजे अख्खा एक धंदा आहे. २१ जणांनी कागद भरले आणि बॅलटवर १४ उरले.

कोण कोण होतं त्यात! बिल डेली, म्हणजे त्या बापाचा मुलगा आणि त्या भावाचा भाऊ, क्लिंटनच्या मंत्रिमंडळात होता, इमॅन्युएलनंतर ओबामांचा चीफ ऑफ स्टाफही झाला, पैसा सगळ्यात जास्त त्याच्याकडे. टोनी प्रेकविंकल, कुक काउंटी म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या बोर्डाच्या अध्यक्ष, शिवाय काउंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रमुख, एकेकाळी इतिहासाच्या शिक्षिका. सुसाना मेंडोझा, राज्याची कम्प्ट्रोलर, म्हणजे हिशेब आणि बिलं बघणारी. गॅरी मॅकार्थी, ज्याला इमॅन्युएलनी लक्वानचं फुटेज बाहेर आल्यावर पोलीसप्रमुख पदावरून काढलं तोच. पॉल व्हॅलस, शाळांचा जुना सीईओ. विली विल्सन, उद्योगपती. अमारा एनिया, तरुण, धोरणांवर काम करणारी. आणि लोरी लाइटफूट, आधी सरकारी वकील, मग पोलीस बोर्डाची अध्यक्ष, लक्वान प्रकरणानंतर पोलिसांवर जी टास्क फोर्स बसली तिचीही अध्यक्ष. लाइटफूट इमॅन्युएल मैदानात असतानाच मे महिन्यात उतरली होती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. बाकीचे बरेच जण खुर्ची रिकामी झाल्यावर धावले.

इथे पक्षाचं नाव बॅलटवर नसतं. त्यालाही इतिहास आहे. १९८३ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तेव्हाच्या मेयर जेन बर्न आणि धाकटे डेली यांच्यात गोऱ्यांची मतं फुटली आणि हॅरल्ड वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर जिंकले, शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय मेयर. मावशींच्या घरी हॉलमध्ये अजून त्यांचा फोटो आहे. पुढे १९९५ मध्ये राज्याने कायदा बदलला, पक्षाच्या प्रायमऱ्या बंद, सगळे एकाच बॅलटवर आणि ५० टक्क्यांच्या वर कुणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत रनऑफ. परत कुणी हॅरल्डसारखं तिरंगी लढतीतून निसटून येऊ नये म्हणून हे केलं असं मावशी म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

मग २९ नोव्हेंबरला सकाळी सिटी हॉलमध्ये एफबीआय आली. एड बर्क यांचं ऑफिस. बर्क १९६९ पासून ऑल्डरमन, फायनान्स कमिटीचे अध्यक्ष, आणि शेजारी स्वतःची लॉ फर्म, जी लोकांचा प्रॉपर्टी टॅक्स कमी करून द्यायची. एजंटांनी ऑफिसच्या काचेच्या दारांना आतून ब्राउन पेपर लावला. तो फोटो मी विसरणार नाही, त्या कागदाने सगळ्या शहराला कळलं की आत काहीतरी मोठं चाललंय. जानेवारीच्या सुरुवातीला आरोप आले की एका बर्गरच्या दुकानाच्या दुरुस्तीची परवानगी अडवून बर्क मालकांना सांगत होते, तुमचं टॅक्सचं काम माझ्या फर्मला द्या. (पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ते दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा झाली.) आपल्यापैकी ज्यांनी नगरपालिकेत बांधकामाची परवानगी काढलीये त्यांना हे वाचताना काही समजावून सांगायची गरज नाही.

या एका गोष्टीने निवडणूक उलटली. कारण प्रेकविंकल, मेंडोझा, डेली आणि गेरी चिको नावाचा आणखी एक उमेदवार, या चौघांचे बर्कशी काही ना काही जुने धागे होते. प्रेकविंकल यांच्यासाठी तर बर्कच्या घरी फंडरेझर झाला होता, ते पैसे त्यांनी परत केले, पण शिक्का बसला तो बसला. लाइटफूटने टीव्हीवर जाहिरात केली, हे चौघं अंधाऱ्या खोलीत, आणि ही प्रकाश घेऊन येणारी. जानेवारीपर्यंत ती पोलमध्ये खालीच होती. मला तर तिचं नाव डिसेंबरपर्यंत नीट लक्षातही नव्हतं, चांगली वाटायची पण हिचं काय होणार असंच वाटायचं.

मी कुणाकडे बघत होते ते सांगते. आमचा ४७ वा वॉर्ड, लिंकन स्क्वेअरचा भाग, आणि आमचा ऑल्डरमन अमेय पवार! मी इथे राहायला आले तेव्हा लायब्ररीतल्या बोर्डावर हे नाव वाचून थबकले होते. २०११ मध्ये जुन्या ऑल्डरमनने जागा सोडली, सगळ्यांना वाटलं त्यांनी पुढे केलेला माणूसच येणार, आणि हा तिशीतला मुलगा दारोदार फिरून निवडून आला, शिकागोच्या कौन्सिलमधला पहिला आशियाई अमेरिकन. दोनच टर्म करणार म्हणाला आणि खरंच दोनच केल्या, २०१९ मध्ये उभाच राहिला नाही ऑल्डरमनला. त्याऐवजी सिटी ट्रेझररला उभा राहिला, तीही रिकामी जागा होती. शहराची स्वतःची सार्वजनिक बँक काढायची असा त्याचा मुद्दा. तो रनऑफपर्यंत गेला आणि तिथे मेलिसा कॉनयर्स-अर्विन यांच्याकडून हरला. डेव्हन अॅव्हेन्यूवर भाजी घ्यायला गेलं की त्या दिवसांत मराठी माणसं भेटली की विषय मेयरचा नसायचा, पवारचा असायचा. मेयरला कोण आहे, याला "असतील कोणीतरी" असं उत्तर. याचं मला वाईट वाटायचं आणि अजून वाटतं. आपण आपलं आडनाव शोधतो आणि बाकी बॅलट कोरं सोडतो.

मेयरसाठी मी अमारा एनियाला मत दिलं. तिचं म्हणणं मला पटायचं, पैसा सतत डाउनटाउनला ओतायचा आणि वस्त्या कोरड्या ठेवायच्या हे बंद करा. कारण शहराची अवस्था बघा ना. पेन्शन फंडांत २८ अब्ज डॉलरचा खड्डा. २००८ मध्ये डेलींच्या काळात ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका कंपनीला १.१५ अब्ज डॉलरला भाड्याने देऊन टाकले, आणि शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने नंतर सांगितलं की जवळजवळ एक अब्जाने स्वस्तात दिले. ते पैसे केव्हाच खर्च झाले आणि आम्ही मात्र २०८३ पर्यंत मीटरमध्ये पैसे टाकत राहणार, माझा मुलगा तेव्हा म्हातारा असेल. इमॅन्युएलनी २०१२ मध्ये शहराच्या बारापैकी सहा मानसिक आरोग्याच्या क्लिनिक बंद केल्या, पुढच्या वर्षी पन्नासेक शाळा एका फटक्यात बंद, जवळजवळ सगळ्या साउथ आणि वेस्ट साइडच्या. आणि त्याच काळात नॉर्थ साइडला नदीकाठी लिंकन यार्ड्स नावाच्या बिल्डर प्रोजेक्टला टॅक्सच्या पैशातून १.३ अब्जापर्यंत मदत द्यायची चर्चा. हे सगळं मी निवडणुकीच्या निमित्ताने वाचलं, आधी दहा वर्षं याच शहरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं.

मावशींचं मत विली विल्सनला. मी जरा हादरलेच, कारण आदल्या उन्हाळ्यात त्याने एका चर्चमध्ये लोकांना सरळ रोख पैसे आणि चेक वाटले होते, लोकांचा प्रॉपर्टी टॅक्स भरायला वगैरे. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे याला मतं विकत घेणं म्हणतात. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या ब्लॉकवरच्या म्हातारीचं घर टॅक्स थकला म्हणून जाणार होतं. बाकीचे तेरा जण तेव्हा कुठे होते? तुझ्या वॉर्डात ते दुकानादुकानात हात मिळवत फिरतात, आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये येतात, फोटो काढतात, जातात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकालात साउथ आणि वेस्ट साइडच्या बऱ्याच कृष्णवर्णीय वॉर्डांत विल्सनच पहिला होता. टीव्हीवरच्या पंडितांना ते कळलं नाही, मला मावशींमुळे थोडं कळलं.

मतदानाचा दिवस २६ फेब्रुवारी. जानेवारीच्या शेवटी पोलर व्होर्टेक्स येऊन गेलेला, उणे तीस सेल्सिअस, सगळं शहर घरात कोंडलेलं, प्रचारसुद्धा गोठला होता, त्यामानाने फेब्रुवारीची ती सकाळ सुसह्य. शाळेच्या जिममध्ये मतदान. ओळखपत्र मागितलं नाही, रजिस्टरमधल्या सहीशी सही जुळवली आणि बॅलट हातात दिलं, हे बाबांना अजून पटत नाही. बोटाला शाई पण नाही. टेबलावर भाषांची पाटी होती, इंग्लिश, स्पॅनिश, चायनीज, आणि हिंदी. देवनागरी! मी इंग्लिशच घेतलं, पण ती पाटी बघून घसा दाटून आला, परक्या शहराच्या शाळेत आपली अक्षरं, म्हणजे कुणीतरी आपल्याला मोजलंय. वॉर्डातल्या सगळ्या जागांना मत दिलं, पवारला दिलं, एनियाला दिलं, आणि फोटो काढून नाशिकला पाठवला.

रात्री निकाल. लाइटफूट १७.५ टक्के. प्रेकविंकल १६. बिल डेली १४.८, म्हणजे दुसऱ्या नंबरपासून साधारण सात हजार मतांनी बाहेर, एवढा पैसा आणि एवढं नाव असून. विल्सन १०.६, मेंडोझा ९, एनिया ८, व्हॅलस साडेपाचच्या आत. मतदान ३५ टक्के. बाबांना मी आकडे वाचून दाखवले आणि त्यांनी तिकडे वहीत लिहून घेतले, ही त्यांची जुनी सवय. म्हणाले, "म्हणजे शंभरातले पस्तीस आले, आणि त्यातले साडेसतरा हिचे. शंभरात सहा. सहा माणसांनी पहिलं आणलं हिला." मी म्हटलं बाबा पण आता रनऑफ आहे, त्यात खरं कळेल. तेव्हा मला मनापासून तसं वाटत होतं.

आता दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया समोरासमोर, कुणीही जिंकलं तरी शिकागोच्या इतिहासात पहिल्यांदा. लाइटफूट उघडपणे समलिंगी, जोडीदार आणि मुलगी घेऊन प्रचाराला येणारी. मावशींच्या चर्चमध्ये त्यावर बरीच कुजबुज झाली म्हणे, पण मावशी म्हणाल्या, "ती कोणासोबत राहते याने माझा टॅक्स कमी होत नाही." प्रेकविंकल यांच्याबद्दल मला आज थोडं वाईट वाटतं. काउंटीच्या हॉस्पिटलांचं त्यांनी केलेलं काम मोठं आहे, गरिबांना विमा मिळवून दिला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो २०१७चा सोडा टॅक्स, औंसामागे एक सेंट, जो दोन महिन्यांत मागे घ्यायला लागला, आणि बर्कचे पैसे. पाच आठवड्यांत त्या 'जुन्या मशीनचा', म्हणजे पक्षाच्या जुन्या यंत्रणेचा, 'चेहरा' होऊन बसल्या. माझ्या मुलाच्या शाळेबाहेर पालक बोलायचे त्यात लाइटफूटच्या धोरणाबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं, सगळे म्हणायचे "प्रेकविंकल नको". मीही तेच म्हणायचे.

२ एप्रिल. लाइटफूट ७३.७ टक्के. पन्नासच्या पन्नास वॉर्ड. श्रीमंत लेकफ्रंट, पोलिसांची घरं असलेले नॉर्थवेस्टचे वॉर्ड, मेक्सिकन पिल्सन, मावशींचा साउथ साइड, आमचा लिंकन स्क्वेअर, सगळे एका बाजूला! शिकागोसारख्या शहरात, जिथे वॉर्डाची हद्द ओलांडली की दुसरा देश लागतो, तिथे हे झालं. ३ लाख ८६ हजार मतं. मी त्या रात्री टीव्हीसमोर रडले, खरंच. मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. पण पोरी, सगळ्यांनी मत दिलं म्हणजे तिच्या पाठीशी उभं कोण राहणार ते नाही कळलं." मला तेव्हा ते कडू वाटलं होतं.

२० मेला शपथ, त्याच दिवशी तिने आदेश काढला की ऑल्डरमनने आपल्या वॉर्डातल्या परवान्यांवर बसून राहायची जुनी पद्धत बंद. बर्कसारखे प्रकार त्यातूनच होतात, त्यामुळे आदेश बरोबरच होता. पण पन्नास जण पहिल्याच दिवशी दुखावले. आणि तिचा स्वतःचा असा गट कौन्सिलमध्ये नव्हता, तिने कुणाला निवडून आणलंच नव्हतं, प्रत्येक ऑल्डरमन आपल्या बळावर आला होता. लिंकन यार्ड्सचं मत तर तिची शपथ व्हायच्या आधीच, एप्रिलमध्ये जुन्या कौन्सिलने उरकलं. ऑक्टोबरमध्ये शिक्षकांचा संप, शाळेचे ११ दिवस. युनियनने निवडणुकीत प्रेकविंकलना पाठिंबा दिला होता. प्रत्येक शाळेत नर्स आणि सोशल वर्कर हवेत हे लाइटफूटनेही प्रचारात म्हटलं होतं, मग करारात लिहून द्या असं युनियन म्हणत होती, आणि त्यावर सगळं अडलं. मी ते अकरा दिवस मुलाला घेऊन ऑफिसात बसले आणि मावशींनी त्याला पत्ते शिकवले. बाबा शिक्षक, ते अर्थातच संपाच्या बाजूने.

मग कोविड. पुढचं फार लिहीत नाही. २०२०च्या मार्चमध्ये तळ्याकाठ बंद केला तो आम्हाला पटला, उन्हाळ्यात आंदोलनं झाली तेव्हा नदीवरचे पूल उचलून धरले ते बऱ्याच जणांना नाही पटलं. गोळीबार वाढले. पोलीस तिच्यावर नाराज कारण ती सुधारणावाली, सुधारणावाले नाराज कारण सुधारणा हळू, ऑल्डरमन नाराज, युनियन नाराज. तिचा स्वभाव तापट होता असं सगळे म्हणतात. मला वाटतं एखाद्या पुरुष मेयरच्या स्वभावाची एवढी चर्चा झाली नसती, इमॅन्युएल काय शांत होते? पण तिला सावरायला कुणी नव्हतं हे खरं. डेली बापलेकांवर संकट आलं की वॉर्डावॉर्डात त्यांची माणसं होती, नोकऱ्या दिलेली, कामं केलेली. ती पद्धत वाईटच होती आणि तीच मोडायला तर आम्ही लाइटफूटला आणलं. आणलं आणि आम्ही घरी गेलो.

२८ फेब्रुवारी २०२३. नऊ उमेदवार, त्यात चुई गार्सियाही. पॉल व्हॅलस, तोच साडेपाच टक्केवाला, तो ३३ टक्क्यांच्या आसपास पहिला. शिक्षक युनियनमधून आलेला ब्रँडन जॉन्सन २१.६ टक्के, दुसरा. लाइटफूट १६.८ टक्के, तिसरी, बाहेर. पुढे एप्रिलमध्ये जॉन्सन निवडून आला. खुर्चीत बसलेला मेयर पहिल्याच फेरीत बाहेर, सगळीकडे मथळे की शिकागोने लाइटफूटला नाकारलं, सगळा पाठिंबा गमावला.

त्या रात्री नेहमीप्रमाणे बाबांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी वही काढली, चार वर्षांपूर्वीचं पान शोधलं, मला पानं उलटल्याचा आवाज येत होता. "थांब," म्हणाले. "पहिल्या वेळी पहिल्या फेरीत हिला किती होती?"

"९७ हजारांच्या वर."

"आणि आता?"

"९५ हजारांच्या जरा आत."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, मग हिची माणसं कुठे गेलीच नाहीत. जेवढी होती तेवढी आहेत. मधे ती तीन लाख कोण आली होती?"

मी म्हटलं, "त्यात मी होते, बाबा."

"आणि या वेळी?"

या वेळी मी चुई गार्सियाला मत देऊन आले होते.